ज्याची भाषा त्याच्याशी

आमच्या पांढुर्ण्यात माणसाला वाळीत टाकायला पंचायत बसवावी लागत नाही. त्याला 'बसा' म्हणायचं नाही, एवढं पुरतं. तो दुकानाच्या ओट्यापाशी येतो, उभा राहतो, लोक हसून तब्येत विचारतात, पण सरकून जागा कोणी करत नाही. थोड्या वेळानं त्याचे पाय दुखायला लागतात आणि तो आपणहून निघून जातो. मग सगळे म्हणायला मोकळे, की आम्ही काय त्याला हाकललं? रीडरकाकांना गावानं असंच घालवलं. त्यांचा गुन्हा काय होता ते मी सांगते. तो गुन्हा होता की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. माझं ठरलेलं आहे, आणि ते ऐकून कोणाला झोंबलं तर झोंबू दे.

त्यांचं नाव यादवराव. पण सौंसरच्या तहसील कचेरीत त्यांनी उभी नोकरी रीडर म्हणून काढली, त्यामुळे गाव त्यांना रीडरसाहेब म्हणे आणि मी रीडरकाका. रीडर म्हणजे साहेबाच्या बाजूला उभं राहून कागद वाचून दाखवणारा माणूस. साहेब कधी जबलपूरकडचा, कधी लखनौकडचा, कधी गोरा. समोर उभे राहणारे सगळे आपले मराठी शेतकरी. त्यांचं म्हणणं साहेबाला समजेल अशा भाषेत सांगणं हेही रीडरच्याच गळ्यात पडलेलं असे. पेन्शनीत निघाल्यावर ते पांढुर्ण्याला आपल्या घरी येऊन राहिले. मूलबाळ नव्हतं. काकू लवकरच गेल्या. मी लग्न होऊन काटोलहून आले आणि इथल्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा आमच्या आणि त्यांच्या अंगणात एक कमरेएवढी भिंत होती, आणि भिंतीपलीकडे उंच, किंचित वाकलेले, घरातसुद्धा टोपी घालणारे काका होते.

त्यांचा एक नेम होता. समोरच्याशी समोरच्याच भाषेत बोलायचं. कापडवाल्या शेठजीशी मारवाडीत, लाइनीवरच्या तेलुगू गँगमनशी तेलुगूत, मोळी विकायला येणाऱ्या गोंड बायांशी गोंडीत. या भाषा त्यांना येत होत्या असं मुळीच नाही. चार-चार शब्द तोंडात ठेवलेले असत, तेवढ्यावर काम भागवत. बाया तोंडाला पदर लावून हसत आणि मोळी जरा मोठी देत. मी आले तेव्हा मलाही विचारलं, "मास्तरीणबाई, तुमच्या काटोलकडे याले का म्हणतात?" मी सांगितलं, की तेव्हापासून माझ्याशी बोलताना माझाच शब्द. नव्या नवरीला सासरी पहिलं आपुलकीचं माणूस भिंतीपलीकडे भेटावं, याचं माझ्या सासूला फार वाटे. मला मात्र बरं वाटे.

एकदा मी म्हटलं, "काका, एवढं काहून करता? त्याइनं शिकावी ना आपली भाषा."

"तो आपल्या दारात आला ना बाई? मग तकलीफ त्यानं काहून घ्यावी? आपण घ्यावी. याले अदब म्हणतात."

हा नेम त्यांनी कुत्र्यालाही लावला होता. ज्याक हा मुळात स्टेशनावरच्या एका अँग्लो-इंडियन गार्डाचा. देश स्वतंत्र झाला आणि गार्डसाहेब बाडबिस्तरा बांधून विलायतेला निघाला. फलाटावर निरोप द्यायला गेलेल्या रीडरकाकांच्या हातात त्यानं पट्टा दिला आणि गाडीत चढला. पिल्लू तांबूस, कान पडलेले, इंग्रजीत वाढलेलं. ते मराठी हाकेला मान वर करीना. दुसरा कोणी असता तर दोन फटके घालून शिकवलं असतं. काका रोज सकाळी अंगणात उभे राहून त्याला "सिट" आणि "कम हिअर" म्हणायला लागले. गल्लीतले लोक भिंतीवरून पाहून हसायचे. "इंग्रज गेले, पण रीडरसाहेबाच्या घरी राहून गेले," असं मोतीरामजी म्हणत.

हे मोतीरामजी म्हणजे कापसा-संत्र्याचे अडते. बाजारातला त्यांचा ओटा ही रीडरकाकांची संध्याकाळची जागा. ज्याक ओट्याखाली, काका लोडाला टेकून, आणि मोतीरामजी पाहुण्यांना काकांची कचेरीतली गोष्ट सांगताहेत, हे मी बाजाराला जाता-येता कितीदा पाहिलं असेल. गोष्ट एकच होती, पण मोतीरामजी ती जेवण झाल्यावर सुपारी कातरावी तशी सावकाश सांगत. मोहगावची एक म्हातारी धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात कचेरीला खेटे घालून थकली. साहेब दरवेळी पुढची पेशी द्यायचा. एके दिवशी तिचा तोल गेला आणि भर कचेरीत ती ओरडली, "मुडद्या, तुह्या घरी म्हातारी माय नाई का रे? अजून किती चकरा मारू मी?" साहेबानं विचारलं, "क्या कहती है?" रीडरकाका पापणी न हलवता म्हणाले, "हुजूर, कहती है आप उसके बेटे समान हैं, बूढ़ी माँ पर रहम कीजिए." साहेब विरघळला. धुरा त्याच दिवशी मोकळा झाला.

"असा माणूस पाह्यजे मधात," मोतीरामजी मांडीवर थाप मारून म्हणत. "शिवी आत जाते अन् विनंती होऊन बाहेर निघते." काका नुसते हसत. जिच्यामुळे सगळं गाव त्यांना जपत होतं, तीच सवय त्यांच्या अंगाशी येईल हे तेव्हा कोणाच्या मनात आलं नव्हतं.

मग भाषेप्रमाणे राज्यं पाडायची बोलणी सुरू झाली. आमच्या सौंसर तहसिलीला नागपूरबरोबर जायचं होतं. त्यात वाद नव्हता. कापूस नागपूरला, संत्री नागपूरला, लेकी नागपूर-काटोलला, दुखणं वाढलं तर दवाखानाही नागपूरचा. लोकांचं म्हणणं ऐकायला एक मोठे साहेब येणार असं ठरलं. आमच्याच शाळेच्या मोठ्या खोलीत सभा भरली. बाकं लावायला, पाणी ठेवायला आम्ही मास्तरणी होतोच. तिगाव-मोहगावकडचे शेतकरी बैलगाड्या जुंपून आले होते, डोक्याला धुतलेले फेटे. साहेब मनानं चांगला होता. हात जोडून म्हणाला, "आप अपनी बोली में बोलिए, मैं समझने की कोशिश करूँगा."

तिगावचा एक पाटील उठला आणि त्यानं सुरुवात केली. "साहेब, आमी सारे मराठी मानसं हावो. आमचं लेकरू मायच्या पोटातून मराठीच बोलत येते." साहेबाच्या कपाळावर आठी पडली. तो पुढे वाकून ऐकायला लागला. समोरचा अडलेला दिसला आणि रीडरकाकांना राहवलं नाही. ते उठून साहेबाच्या बाजूला जाऊन उभे राहिले, जसे कचेरीत राहत, आणि म्हणाले, "हुजूर, इनका कहना यह है कि..."

पुढचा सगळा वेळ तसाच गेला. माणूस उठे, मराठीत बोले, आणि साहेबाच्या कानात पडे ती काकांची गोड, घोळवलेली हिंदी. हळूहळू शेतकऱ्यांनाही वाटलं, आपणही अदब दाखवावी. मग "हमारा कपास नागपूर कू जाता साहब" असं जो तो बोलायला लागला. मोतीरामजी सर्वांत जास्त. शेवटी साहेब उठला आणि खूश होऊन म्हणाला, "मुझे तो बताया गया था कि इधर हिंदी कोई जानता ही नहीं. यहाँ तो हर आदमी बोल रहा है!"

खोली हसली. टाळ्या पडल्या. होय, टाळ्या. मोतीरामजींनी साहेबाच्या गाडीत संत्र्याची करंडी ठेवली आणि काकांचे दोन्ही हात धरले. "रीडरसाहेब, गावाची लाज राखली तुम्ही आज!" हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. पुढं मोतीरामजी ते विसरले असतील, मी विसरले नाही.

साहेबानं वर काय कळवलं ते देवाला ठाऊक. असले निकाल एका म्हाताऱ्याच्या हिंदीवर लागत नसतात, एवढं मलाही कळतं. पण छप्पन साली नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. आमची राजधानी कोणी कधी न पाहिलेलं भोपाळ झाली. माझं माहेर परराज्यात गेलं. गाडी तीच, तिकीट तेच, पण माझी आई पत्र्याच्या पेटीवर बसून रडली, की लेक परमुलखात राहिली.

गाव चिडलेलं होतं आणि चिडीला एक माणूस लागतो. भोपाळ लांब, दिल्ली त्याहून लांब. रीडरकाका रोज संध्याकाळी ओट्यावर येत होते. पहिला शब्द मोतीरामजींनीच काढला. "मराठीची बाजू मांडाले गेले अन् हिंदीत मांडून आले. साहेब दुसरं का समजीन?" बोलणं चटकदार होतं, त्यामुळे चार दिवसांत गावभर झालं. ज्यांनी स्वतः हिंदीत भाषणं ठोकली होती तेही मान हलवायला लागले. त्यानंतर एका संध्याकाळी काका ओट्यापाशी गेले तेव्हा मोतीरामजी म्हणाले, "काय रीडरसाहेब, बरं चाललंय ना?" आणि लोडावरून हलले नाहीत. बाकीचेही हलले नाहीत. काका बराच वेळ उभे राहिले, ज्याक सवयीनं ओट्याखाली जाऊन बसला होता, त्याला उठवून घरी घेऊन आले.

दोन-तीनदा ते पुन्हा गेले. मग जाणं बंद केलं.

भिंतीपाशी एकदा मला म्हणाले, "मास्तरीणबाई, तुम्ही तं होत्या तिथं. साहेबाले समजत नव्हतं. मी का करायले पाह्यजे होतं?"

"गुपचूप बसून राहायचं होतं, काका. त्याला घाम फुटू द्यायचा होता."

"समोरचा अडला असतानी?" एवढंच म्हणाले आणि आत गेले. एखादी गोष्ट त्यांच्या बुद्धीत शिरतच नसे, त्यातली ही एक.

तेव्हापासून त्यांचं फिरणं सुरू झालं. माणसं टाळायची तर आमच्याकडे एकच दिशा आहे, रेल्वेचं फाटक ओलांडून तिगावच्या बाजूची बरड. दगडगोटे, मुरूम, चार बोरी, दोन पळस. पीक नाही, सावली नाही. उन्हाळ्यात तिथं पाखरूही टिकत नाही, गरम वारा नुसता धुळीचे भोवरे फिरवत असतो. तिथं हा टोपीवाला म्हातारा आणि त्याच्यामागे तांबडं, पोट ओघळलेलं कुत्रं. खांद्याला पाण्याची छागल. मधेच थांबून काका ओंजळीत पाणी घेत आणि ज्याकच्या तोंडाशी धरत. तापलेल्या दगडांनी त्याचे पंजे फाटत, म्हणून रोज निघण्याआधी अंगणात बसून ते त्याच्या पायांना एरंडेल चोळत. माझी सासू म्हणे, "बायकोच्या पायाले कधी तेल लावलं असीन का या माणसानं?" लावलं होतं. काकूंच्या शेवटच्या दुखण्यात त्यांनी काय काय केलं ते सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं, पण आता त्यांच्याबद्दल काहीही बोललं तरी चालत होतं.

मोतीरामजींची संत्र्याची बाग त्याच वाटेवर. त्यांची बैलांची दमणी धुरळा उडवत जवळून जाई. "काय रीडरसाहेब, फिरून राहिले?" आतून आवाज येई. "हो, फिरून राहिलो," काका म्हणत. दमणी थांबत नसे. एखाद्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत तर तेवढंच त्यांचं दिवसभराचं बोलणं.

याच दिवसांत त्यांनी ज्याकशी इंग्रजी बोलणं सोडलं. मला नवल वाटलं. अंगणात उभे राहून म्हणायचे, "बस. बस ना रे बावा." ज्याक उभाच. दहा वर्षं ज्याला 'सिट' म्हटलं त्या जनावरानं काय समजावं? त्यात तो म्हातारा झालेला, एका कानानं बहिरा, डोळ्यांत निळसर पडदा. काका रोज चिकाटीनं म्हणत, "बस." एके दिवशी मागचे पाय थकून तो खरंच बसला. काका भिंतीपाशी धावत आले. "पाह्यलं का? शिकला!" मी म्हटलं, "शिकला हो, काका." घरात येऊन मात्र मला भडभडून आलं. या माणसाला आपली चूक दुरुस्त करायची होती, आणि करायला त्याच्याजवळ एका कुत्र्याखेरीज कोणी उरलं नव्हतं.

दोन वर्षांनी शाळेचा प्रश्न निघाला. वरच्या वर्गांत आता मराठी राहणार नाही, सगळं हिंदीत होणार, अशी बातमी पसरली. खरी-खोटी कोणी पाहिली नव्हती, पण पोरांचे बाप हादरले. भोपाळहून एक अधिकारी दौऱ्यावर येत होता. त्याला भेटून गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आता घालणार कोण? मोतीरामजींची हिंदी बाजारापुरती. इतरांची त्याहून खाली. एका सकाळी मोतीरामजी चार माणसं घेऊन रीडरकाकांच्या दारात उभे राहिले. मी भिंतीअलीकडे धुणं वाळत घालत होते.

"रीडरसाहेब, झालं गेलं गंगेले मिळालं," मोतीरामजी म्हणाले. "गावाचं काम हाय. तुमच्यावानी बोलणारा दुसरा नाई."

काकांचा चेहरा मी पाहिला. लग्नघरातून अचानक बोलावणं यावं तसा उजळला होता. त्यांनी धावपळ करून सतरंजी टाकली, चहा स्वतः केला, चौघांनाही दोनदा घ्यायला लावला. ते गेल्यावर मला म्हणाले, "मास्तरीणबाई, आले ना शेवटी? आपली माणसं आहेत. किती दिवस रुसतीन?" मला बोलायचं होतं की काका, हे तुमच्याकडे आले नाहीत, तुमच्या जिभेकडे आले आहेत. पण त्या चेहऱ्यासमोर ते बोलवेना. त्यांनी काळा कोट काढला, माझ्याकडून कोळशाची इस्त्री नेली. इस्त्री परत देताना हळूच म्हणाले, "यावेळी गलती होणार नाही."

भेट विश्रामगृहावर होती. ज्याकला घरी ठेवलं तर तो ओरडून जीव टाकेल म्हणून काका त्यालाही घेऊन आले, थांबत थांबत, आणि आवारातल्या निंबाखाली त्याला बसवलं. आत पंचवीस-तीस माणसं. शाळेच्या बाजूनं मी आणि आमच्या मोठ्या बाई. मोतीरामजींनी स्वतः काकांना पुढच्या खुर्चीवर बसवलं. अधिकारी तरुण होता, हसरा. म्हणाला, "जी, कहिए."

रीडरकाका उठले. कोट सारखा केला. आणि मराठीत बोलायला लागले.

"साहेब, आम्ही मराठी माणसं आहोत. आमची लेकरं घरी मराठी बोलतात, मराठीत रडतात, मराठीत स्वप्नं पाहतात. त्यांना शाळेत त्यांच्या भाषेत शिकू द्या. आम्हाला तुमची भाषा येते, पण आज मी ती बोलणार नाही. ती बोललो की तुम्हाला वाटतं आमचं काही अडत नाही."

त्यांचा आवाज कचेरीतल्यासारखा खणखणीत लागला होता. ते बोलता बोलता मागे वळून लोकांकडे पाहत होते. त्यांना वाटत होतं लोक माना डोलावतील. ज्या गोष्टीसाठी लोकांनी ओटा बंद केला होता ती गोष्ट ते सर्वांसमोर दुरुस्त करत होते.

अधिकारी गोंधळला. "ये क्या कह रहे हैं?"

"हिंदीत बोला ना, रीडरसाहेब!" मोतीरामजी दातांतून म्हणाले. मागून कोणी म्हणालं, "आता मराठी सुचली का म्हाताऱ्याले?" कोणी हसलं. काका उभेच होते. अधिकाऱ्यानं घड्याळ पाहिलं. तेव्हा मोतीरामजी उठले, काकांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं, साहेबाच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहब, इनका बोलना ऐसा है के हमारे बच्चों को मराठी में पढ़ने कू होना."

"अच्छा, अच्छा!" अधिकारी हसला. "अरे, आप तो अच्छी-ख़ासी हिंदी बोल लेते हैं. फिर बच्चों को क्या तकलीफ़ होगी?"

मोतीरामजी ओशाळे हसले. सगळेच हसले. मी मोतीरामजींकडे पाहत होते, की आता तरी या माणसाला काही आठवेल. त्यांच्या चेहऱ्यावर काही आलं नाही. अर्ज दिला गेला, विचार करू म्हणून सांगितलं गेलं, चहा आला. संध्याकाळपर्यंत बाजारात निकाल झाला होता: पहिल्यांदा हिंदी बोलून घात केला, आता मराठी बोलून केला. या म्हाताऱ्याच्या हातून गावाचं भलं व्हायचं नाही.

चहाच्या वेळी काका केव्हा उठून गेले ते कोणाला कळलं नाही. मी बाहेर आले तेव्हा निंबाखाली कोणी नव्हतं.

त्याच वर्षी माझी सौंसरच्या शाळेत बदली झाली, आणि पुढचा उन्हाळा लागायच्या आत काका गेल्याचं तिथंच कळलं. त्यामुळे मला ते आठवतात ते विश्रामगृहावरच्या भेटीच्या दुसऱ्या दिवशीचे. सकाळी ते अंगणात बसून ज्याकच्या पायांना तेल चोळत होते. ज्याकला उठवत नव्हतं, त्याचे मागचे पाय घसरत होते. मी रात्रभर ठरवून ठेवलेलं बोलले.

"काका, काल तुम्ही फार चांगलं बोललात."

"कोणाले समजलं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"मला समजलं ना."

"तुले तं बोललो नसतो तरी समजत होतं, बाई."

त्यांनी ज्याकला पोटाखाली हात घालून उभं केलं, छागल खांद्याला लावली, आणि दोघं फाटकाकडे निघाले. ज्याक दर दहा पावलांवर बसे. काका पुढे न जाता तिथंच उन्हात उभे राहत, तो उठेपर्यंत.